पहिली पॉइंट टू टू: हौशी टार्गेट नेमबाजाने रायफल कशी निवडावी

क्लबच्या रायफलवर काही महिने झाले, प्रोनमध्ये (पालथं झोपून मारताना) ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा घोळका, आवळायला लागला, की ‘आता स्वतःची कुठली घेऊ?’ हा प्रश्न येतोच. विचारलं की रेंजवर लगेच नावं ऐकू येतात: अँशुट्झ घे, वॉल्थर घे, कुणाची तरी जुनी ब्रनो विकायला आहे ती घे. आमचं मत असं की नाव सगळ्यात शेवटी ठरवावं. आधी बघायचं ते तुम्हाला वर्षभर कुठलं काडतूस मिळणार आहे आणि रायफल तुमच्या अंगाला बसते का. या दोन्हींची उत्तरं मिळाली की निम्मी नावं आपोआप गळतात. मुंबईत तर त्याच्याही आधी परवाना येतो, म्हणून सुरुवात तिथून.

परवाना आधी, रायफल मागाहून

रायफल पसंत करून, पैसे देऊन मग परवान्याच्या मागे लागणं हा उलटा क्रम आहे आणि त्यात पैसे अडकतात. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पॉइंट 22 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इथे इंचात) रायफलचा स्वतंत्र उल्लेख आहे: केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा अथवा असोसिएशनचा सदस्य टार्गेट प्रॅक्टिससाठी ती मागत असेल, तर परवाना देण्याची ती तरतूद आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं ही मर्यादा आणली; पण कलम 3 नुसार अशा क्लब सदस्याच्या टार्गेट प्रॅक्टिसच्या पॉइंट 22 ला ती लागू होत नाही. म्हणजे क्लबचं सदस्यत्व हा तुमच्या अर्जाचा पाया आहे. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन असो वा आणखी कुठली संस्था, प्रवेश घेताना तिची मान्यता कुठली आणि परवान्यासाठी शिफारसपत्र कोणत्या अटींवर मिळतं, हे लेखी विचारून घ्या. हजेरी आणि स्कोअर यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

वय 21 पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-1 मध्ये करायचा असतो, सोबत शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र लागतं. मुंबईत परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. चौकशी तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून होते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी पत्त्याचे कागद आधीच जुळवून ठेवावेत. परवाना पाच वर्षांसाठी असतो. तो हातात आला की त्यावर लिहिलेल्या तीन गोष्टी नीट वाचा: काडतुसांची संख्या, परवान्याचं क्षेत्र (फक्त महाराष्ट्र की संपूर्ण भारत) आणि शस्त्र घेण्याची मुदत. स्पर्धेसाठी राज्याबाहेर जायचं तर क्षेत्राचा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो.

हा सगळा काळ रिकामा घालवू नये. 4.5 मिलिमीटर बोअरच्या, 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. नेम, श्वास आणि ट्रिगर यांतलं जवळजवळ सगळं 10 मीटरवर शिकता येतं आणि पुढे 50 मीटरवर ते कामी येतं.

रिमफायर म्हणजे काय आणि काडतूसच राजा का

पॉइंट टू टू एलआर (लाँग रायफल) या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला पितळी केसच्या कडेच्या पट्टीत, म्हणजे रिममध्ये भरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेपते आणि बार उडतो. केस पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे सेंटरफायरवाल्यांसारखं (त्यांच्या काडतुसात मसाला बुडाच्या मधोमध असतो) घरी बसून दारू मोजून, गोळी बदलून आपल्या नळीला हवं तसं काडतूस बनवण्याचा मार्ग इथे बंद आहे. कारखान्यातून आलेल्या डब्यांतून आपल्या नळीला मानवणारा डबा शोधायचा, एवढंच हातात उरतं. म्हणून रायफल निवडताना काडतुसाचा विचार आधी.

काडतूस नेहमी स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं घ्या: साधारण 320 ते 330 मीटर प्रति सेकंद वेग, 40 ग्रेनची म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅमची गोळी. डब्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ दिसलं की नवशिक्याला वाटतं, जोरात जाते तर वारा कमी खाईल. होतं उलटं. ध्वनीच्या वेगाच्या वर निघालेल्या गोळीला हवेचा अडथळा एकदम वाढतो, ती पहिल्या 50 मीटरमध्येच बराच वेग गमावते, आणि वारा गोळीला किती सरकवणार हे वेग गमावल्याने लागलेल्या जादा वेळावर ठरतं. आडवा वारा सेकंदाला एक मीटरचा असेल, तर 50 मीटरवर स्टँडर्ड गोळी अंदाजे 5 ते 6 मिलिमीटर सरकते. हाय व्हेलॉसिटीची 8 च्या आसपास. टार्गेटवरची एक रिंग नेमकी 8 मिलिमीटर रुंद आहे. वरळीसारख्या समुद्राकाठच्या भागात दुपारनंतर खारा वारा सुटतो, तेव्हा हा फरक सरळ स्कोअरमध्ये दिसतो.

आता एक हिशेब, जो रायफल तपासताना आणि काडतूस निवडताना सतत लागेल. 50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाची रिंग 10.4 मिलिमीटर व्यासाची असते. गोळीचा व्यास 5.6. भोकाची कड रिंगला शिवली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत कुठेही असलं तरी टेन. याचा अर्थ, टेकूवर ठेवलेल्या रायफलचा दहा गोळ्यांचा ग्रुप केंद्र-ते-केंद्र 16 मिलिमीटरच्या आत असेल, तर ती रायफल आणि तो डबा मिळून दहाच दहा देऊ शकतात. बाकी उरलं ते नेमबाजाचं. 13-14 मिलिमीटरचा ग्रुप मिळाला तर उत्तम. 25 च्या पुढे जात असेल, तर तुमची चूक कुठली आणि लोखंडाची कुठली, हे कळणारच नाही, आणि नवशिक्याचं सगळ्यात मोठं नुकसान तेच. कितीही सुंदर दिसणारी रायफल असो, या हिशेबात बसत नसेल तर सोडून द्यावी.

एली टेनेक्स, लापुआ मिडास आणि आरडब्ल्यूएस आर 50 ही वरच्या दर्जाची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. सरावाला एसकेचं स्टँडर्ड प्लस किंवा एलीचं खालच्या श्रेणीतलं काडतूस पुरतं. पण आयात काडतूस हवं तेव्हा कोपऱ्यावर मिळत नाही. क्लबमार्फत काय येतं, किती येतं, वर्षातून कितीदा येतं, हे विचारा. जे काडतूस नियमित येतं, त्यावर जी नळी चांगली चालते ती तुमची नळी.

कुठल्या प्रकारासाठी घेताय

फक्त प्रोन मारायचं असेल तर साध्या दस्त्याच्या (दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग) रायफलवर बरंच पुढे जाता येतं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते 50 मीटर प्रोनमध्येच, 600 पैकी 597 गुणांनी. थ्री पोझिशनचं मात्र वेगळं आहे. त्यात नीलिंग (गुडघा टेकून), प्रोन आणि स्टँडिंग (उभं राहून) अशा तीन स्थितींत प्रत्येकी 20 गोळ्या असतात, आणि प्रत्येक स्थितीत बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), चीकपीस (गाल टेकायचा भाग) आणि हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) वेगळ्या जागी लागतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांना कांस्य मिळालं ते याच प्रकारात. त्यानंतर थ्री पोझिशनची स्वप्नं घेऊन येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ज्या रायफलचे हे तीन भाग हाताने, पटकन, आणि खुणेवर परत आणता येत नाहीत, ती या प्रकाराला निरुपयोगी आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांत सगळ्या जोडण्या धरून रायफलचं वजन 8 किलोपर्यंत चालतं. पण सुरुवातीला 4.5 ते 5.5 किलो पुरे. जड रायफल प्रोनमध्ये गोड वाटते आणि स्टँडिंगला विसाव्या गोळीपर्यंत कंबर धरते. टेलिस्कोप या प्रकारात चालत नाही, त्यामुळे टेलिस्कोपसाठीच बनलेली, साइट (नेम धरायचं साधन) बसवायची सोय नसलेली रायफल घेऊ नका.

हाती काय लागू शकतं

एनसीसीत गेलेल्यांना पॉइंट टू टू डीलक्स माहीत असते. हलकी, मॅगझिनची, उघड्या साइटची. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची स्पोर्टिंग रायफलही त्याच वळणाची. हा कारखाना 1 ऑक्टोबर 2021 पासून ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीत आला. जुन्या ब्रनो आपल्याकडे बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या सांभाळलेल्या नळ्या अजूनही सुरेख मारतात. 25 मीटरवर हौस म्हणून, शिस्त शिकायला म्हणून या तिन्ही ठीक आहेत. पण दस्ता जुळवता येत नाही, ट्रिगर साधारण किलोभर ओढीचा, डायॉप्टर (बारीक भोकातून बघायची मागची साइट) बसवायला रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट बसतो त्या भागावर, जागा असेल-नसेल. 50 मीटरवर स्पर्धेचा विचार असेल तर इथे अडकू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मॅच रायफलमध्ये नवख्याला सगळ्यात जास्त भेटते ती जर्मनीतल्या उल्म गावची अँशुट्झ. तिच्यात दोन ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून उडवणाऱ्या यंत्रणा, समजून घ्या. 64 ही साधी आणि स्वस्त. मॉडेल 1903 तिच्यावर आहे. 54 ही जड, गुळगुळीत आणि महाग. 1907 आणि 1913 तिच्यावर. पहिली तीन-चार वर्षं 1903 कुणालाही कमी पडत नाही. वाईट नळीच्या 1913 पेक्षा चांगल्या नळीची 1903 शंभर पटीने बरी. तरी लोक नुसता आकडा ऐकून मोठी रक्कम मोजतात. वॉल्थरच्या केके 300 आणि केके 500 तसंच फाइनवेर्कबाउच्या 2700 आणि 2800 या ॲल्युमिनियमच्या दस्त्याच्या, भरपूर जुळवणीच्या रायफली आहेत. चालवायला छान, पण सुटे भाग इथे कोण देणार ते आधी विचारा. फायरिंग पिन तुटली आणि सहा महिने वाट बघावी लागली, तर पूर्ण मोसम गेला.

नवी परदेशी रायफल दुकानातून उचलून आणता येत नाही. शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आहेत आणि सवलत नेमबाजाच्या श्रेणीवर अवलंबून असते. त्या श्रेणीचा रस्ता स्पर्धांतून जातो: राज्य स्पर्धा, मावळणकर, मग राष्ट्रीय. (पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळणकर हे राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या स्थापनेतले पुढारी. स्पर्धेचं नाव त्यांच्यावरून आहे.) त्यामुळे नवख्याच्या वाट्याला बहुतेकदा पुढे गेलेल्या नेमबाजाने विकायला काढलेली रायफल येते. यात कमीपणा काहीच नाही, तपासता मात्र आली पाहिजे.

अंगाला बसते का

आधी मुख्य डोळा कुठला ते बघा. दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची एक वस्तू त्या फटीत धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू जागेवर राहते तो मुख्य. उजव्या हाताचा माणूस आणि डावा डोळा मुख्य, असं सापडलं तर घाईने रायफल घेऊ नका. प्रशिक्षकाबरोबर बसून खांदा बदलायचा की डाव्या डोळ्यापुढे पांढरी पट्टी लावायची, ते ठरवा. डावखुऱ्यांनी डाव्या दस्त्याचीच घ्यावी. उजवा दस्ता डाव्या खांद्याला लावून ओढाताण करण्यात अर्थ नाही.

मग जॅकेट, ग्लोव्ह आणि स्लिंग (हाताला रायफलशी बांधणारा पट्टा) घालून प्रोनमध्ये आडवे व्हा. नुसत्या शर्टात रायफल खांद्याला लावून बघणं व्यर्थ आहे, जॅकेटची जाडी सगळं बदलते. रायफल रिकामी आहे याची खात्री करून डोळे मिटा, गाल सहज टेकवा, दोन-तीन श्वास घ्या आणि डोळे उघडा. डायॉप्टरच्या भोकातून पुढची साइट मधोमध दिसली तर चीकपीस बरोबर. मान ताणावी लागली, की गालाचा दाब प्रत्येक गोळीला बदलणार आणि ग्रुप वर-खाली फाटणार. डोळा आणि डायॉप्टर यांत 4 ते 7 सेंटिमीटर अंतर राहावं. पापणी रबराला घासत असेल तर साइट पुढे सरकवायला रेलवर जागा आहे का, ते बघा.

दस्त्याची लांबी ग्रिपवरून कळते. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ मागे दाबलं जावं. बोट वाकून बाजूला ढकलत असेल तर लांबी जुळलेली नाही. बहुतेक मॅच दस्त्यांत बटप्लेट दोन-चार सेंटिमीटर आत-बाहेर जाते, पण उंची पाच फुटांच्या आसपास असलेल्यांना मोठ्या माणसासाठी बनवलेला जुना लाकडी दस्ता सगळ्यात आखूड करूनही लांबच पडतो. असं असेल तर भाव कितीही चांगला असो, नको. हँडस्टॉप मागे-पुढे करून स्लिंगमधला हात जमिनीशी किमान 30 अंशांचा कोन करतो का, तेही बघा. नियमच तसा आहे.

साइट आणि ट्रिगर

पुढच्या साइटच्या नळकांड्यात रिंग बसते. बाजारात 3.2 पासून 4 मिलिमीटरपर्यंतच्या आणि त्यापुढच्याही रिंगा मिळतात, आणि नवखे लहान रिंग घेतात, बारीक म्हणजे अचूक या समजुतीने. टार्गेटचा काळा गोल 112.4 मिलिमीटरचा आहे. डोळ्यापासून पुढची साइट 90 सेंटिमीटरवर असेल, तर त्या जागी काळ्याची रुंदी भरते साधारण 2 मिलिमीटर. 3.4 ची रिंग लावली तर चारी बाजूंनी 0.7 मिलिमीटर पांढरं उरतं. हे पांढरं कमी केलं की काळा रिंगला चिकटल्यासारखा भासतो, डोळा निर्णय घ्यायला वेळ लावतो आणि गोळी धरून ठेवली जाते. 3.4 ते 3.8 मध्ये सुरुवात करा. पावसाळी अंधाऱ्या दिवशी आणखी मोठी लावा. चाळिशीनंतर पुढची रिंग धूसर व्हायला लागते. डायॉप्टरला कमी-जास्त होणारी आयरिस (भोक लहान-मोठं करायची सोय) आहे का आणि नंबरची काच बसते का, हे त्या वयाच्यांनी पहिल्यांदा विचारावं.

डायॉप्टरचा एक दोष लगेच पकडता येतो. पाच गोळ्या मारा, उजवीकडे 10 क्लिक (क्लिक म्हणजे साइट सरकवायचा एक टप्पा) द्या, पाच मारा, 10 क्लिक परत आणा, पुन्हा पाच. तिसरा ग्रुप पहिल्यावर बसला नाही, तर आतला स्क्रू झिजलाय. तो पार्ट बदलेपर्यंत विकणारा मागतोय त्या भावाची ती रायफल नाही.

मॅच रायफलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा आणि 100 ग्रॅमच्या आसपास ओढीचा असतो. पहिला टप्पा संपला की भिंत लागल्यासारखं थांबावं आणि मग न सरकता सुटावं. भिंतीनंतर थोडं थोडं घसरत असेल तर आधी जुळवणी बिघडलीय की सिअर (पिन अडवून धरणारा दाता) झिजलाय, ते जाणत्याकडून बघून घ्या. सुरक्षेची तपासणी अशी: चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं, नळी सुरक्षित दिशेला, बोल्ट पाच-सहा वेळा जोरात बंद करा, मग दस्त्यावर रबरी हातोडीने हलके ठोके द्या. एकदाही पिन सुटली, तर ती रायफल कुशल आर्मररच्या (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याच्या) हातून दुरुस्त होईपर्यंत रेंजवर नेऊ नये.

वापरलेली रायफल तपासताना

बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरा आणि मागून बघा. आत पूर्ण गोल कडं, सावलीसारखं, कुठे दिसलं तर नळी फुगलेली आहे: कधीतरी गोळी आत अडकली आणि तिच्यामागे दुसरी मारली गेली. ती नळी बाद. मग चेंबरची कड भिंगातून बघा. जुन्या रायफलवर रिकामा ट्रिगर ओढत राहिलं की पिन चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे बारीक खाच पडते; काडतूस आत जाताना अडतं आणि केस काढताना ओरखडे येतात. केसच्या तोंडापुढे चेंबरमध्ये काजळीचं कडक कडं साचतं, ते सफाईने जातं. पण तिथलं पोलाद खरवडल्यासारखं खडबडीत दिसत असेल तर ती झीज आहे, सफाईने जाणार नाही.

नळीच्या तोंडाची कड, क्राउन, कापसाचा बोळा फिरवून बघा. कुठेही धागा अडकला तर टवका आहे. पुढून, तोंडाकडून गज घालून साफ केलेल्या रायफलींना हा रोग हमखास असतो. त्यानंतर घट्ट बसणारा फेल्टचा बोळा मागून गजाने हळूहळू ढकला. हाताला सगळीकडे सारखा विरोध लागावा, तोंडाशी किंचित घट्ट झाला तर उत्तमच. तोंडाच्या शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये तो सैल पडला, तर नळी थकली आहे.

ॲक्शनचे दस्त्यातले स्क्रू बघा. खाचा चुरगळलेल्या असतील तर अनेकांनी खेळ केलेला आहे. ते टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्यावर, साधारण 4 ते 6 न्यूटन-मीटरमध्ये, आवळलेले हवेत. सैल स्क्रूची रायफल आज मध्यात आणि उद्या आठावर मारते, आणि माणूस महिनाभर स्वतःला दोष देत बसतो. रायफलवरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर ताडून बघा; व्यवहार परवान्यावरच्या नोंदीनेच होतो, तोंडी कधीच नाही.

शेवटी गोळ्या मारून बघा, आणि मारलेल्या केस उचला. पिनचा ठसा रिमवर प्रत्येक केसला सारखा खोल हवा. काही खोल, काही उथळ असतील तर स्प्रिंग दमली आहे; ठिणगी कमी-जास्त पडते, वेग बदलतो आणि ग्रुप उभा लांबतो. उभा ग्रुप म्हणजे आधी स्प्रिंग आणि काडतूस तपासा, आडवा म्हणजे आधी वारा आणि स्क्रू.

गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला आणि टार्गेटवर भोक दिसलं नाही, तर पुढची गोळी भरू नका. नळीत गज घालून बघा.

डबा निवडणं

रायफल पसंत पडली की काडतुसाच्या लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाची, चाचणी. डब्यावर लॉट क्रमांक छापलेला असतो. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये एकाच नळीतून 15 आणि 24 मिलिमीटर एवढा फरक पडू शकतो. मिळतील तेवढ्या लॉटचा एकेक डबा घ्या. 50 गोळ्यांत पहिल्या 10 टार्गेटबाहेर मारा, कारण प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं असतं आणि नळी नव्या मेणावर स्थिरावायला तेवढ्या गोळ्या लागतात. मेण फारच वेगळं असेल तर 15-20 सुद्धा. उरलेल्या 40 चे दहा-दहाचे चार ग्रुप, टेकूवरून, वारा पडलेला असताना, म्हणजे मुंबईत सकाळी लवकर. पाच गोळ्यांचे ग्रुप दिसायला छान येतात आणि फसवतात.

मोजताना बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजा आणि त्याच कागदावरच्या एकट्या भोकाची रुंदी वजा करा. कागदाचं भोक गोळीपेक्षा लहान पडतं, म्हणून सरळ 5.6 वजा केले तर ग्रुप खोटा लहान दिसतो. चारांतला सगळ्यात वाईट ग्रुप बघा. तो 16 च्या जवळ असेल तर त्या लॉटची परवान्यात बसेल तेवढी काडतुसं एकदम घ्या, कारण तो लॉट पुन्हा दिसेलच असं नाही.

मुंबईच्या हवेत ठेवणं

इथे नळी झिजून बाद होण्याआधी गंजून बाद होते. जून ते सप्टेंबर दमट हवा आणि वर्षभर खारी. फोमच्या केसमध्ये रायफल ठेवणं ही सगळ्यात सर्रास चूक आहे. फोम घाम आणि ओल धरून ठेवतो आणि आठवड्यात लाल ठिपके उठतात. केस फक्त ने-आण करायला. घरी कुलपाच्या कपाटात उभी, नळी तोंड खाली करून ठेवा म्हणजे तेल ॲक्शनमध्ये आणि लाकडात उतरत नाही. शेजारी सिलिका जेलचा अर्धा किलोचा डबा, रंग बदलला की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवायचा. बोल्ट आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. लोकलने किंवा टॅक्सीने रेंजवर जाताना रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, केसला कुलूप, काडतुसं वेगळ्या पिशवीत, आणि मूळ परवाना जवळ. निवडणुका जाहीर झाल्या की शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. क्रीडा नेमबाजांसाठी काय सवलत आहे ते पोलीस ठाण्यात आणि क्लबमध्ये त्याच आठवड्यात विचारा.

रेंजवरून आल्यावर हाताचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसा, रोज. नळीची पूर्ण सफाई साधारण दोनेकशे गोळ्यांनी पुरे: बोअर गाइड (गज नळीत सरळ ठेवणारी नळकांडी) लावून, एकसंध गजाने, नेहमी चेंबरकडून. लाकडी दस्ता पावसाळ्यात ओल पितो आणि फुगतो, स्क्रूंचा ताण बदलतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर टॉर्क पुन्हा तपासा. महिनाभर तेल लावून ठेवलेली रायफल पुन्हा काढाल, तेव्हा कोरडे बोळे काळे-तेलकट यायचे थांबेपर्यंत नळी आणि चेंबर पुसा, 10 गोळ्या टार्गेटच्या बाजूच्या मातीत मारा, मगच टार्गेटवर झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, ते बघा. तो सरकला असेल तर किती क्लिक, हे तारखेसकट वहीत लिहून ठेवा. दोन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की तुमचा दस्ता किती हलतो ते आधीच माहीत असेल.